काळी, पांढरी आणि तांबडी

संपादकांच्या पत्रात विषय एकाच शब्दाने कळविलेला होता: ‘टाकाऊ’. खनिजातून धातू किंवा क्षार काढून घेतल्यानंतर कारखान्याच्या मागल्या दाराने जो गाळ आणि जी राख बाहेर पडते तिचे पुढे काय होते, तिच्यापासून काही उपयुक्त वस्तू खरोखरच होतात की तसे केवळ अहवालांत म्हटले जाते, हे स्वतः हिंडून पाहावे आणि लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. अशा लेखाचा आरंभ एखाद्या औद्योगिक वसाहतीत व्हायला हवा, हे मलाही कळत होते. मी मात्र प्रथम गेलो तो शिरूर तालुक्यातील इनामगावास, जेथे खाण नाही आणि धातुशुद्धीचा कारखानाही नाही. आहे ती घोड नदी, कालव्याच्या पाण्यावर माजलेला ऊस, आणि नदीकाठच्या टेकाडांखाली गाडले गेलेले तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव.

पांढरी

आपल्या जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग होत असत: पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरी हे नाव उगाच पडलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुली पेटल्या, गुरे बांधली गेली, भिंती ढासळल्या आणि त्यांवर पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, की राख, शेण, हाडे व चुना यांच्या मिश्रणाने तेथील माती फिकी, भुसभुशीत आणि करडी-पांढरी होते. पुराणवस्तुसंशोधक रानावनातून जाताना जी खूण शोधतात ती हीच. इनामगावची अशी टेकाडे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उकरली. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील शेकडो वर्षांच्या वसाहतीचा संसार उजेडात आला: घरे, धान्याची पेवे, सातूचे दाणे, पाण्याचा पाट, आणि घराच्या जमिनीखाली रांजणांत निजविलेली बालके. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे कारागीर यांच्याबरोबरच चुना भाजणारे लोकही त्या वस्तीत होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा चुनाभट्टीवाला मला सर्वांत जवळचा वाटला, कारण मातीतून खडा वेचून, त्याला आच देऊन, हवे ते ठेवायचे आणि नको ते बाजूला सारायचे, हा खनिजशुद्धीचा अगदी प्राथमिक धडा तो घोडेच्या काठी गिरवीत होता.

टेकाडालगतच्या रानात भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी पांढरीविषयी विचारले. ते म्हणाले, “आमच्या आज्याच्या वेळंला पांढरीची माती गाड्या भरभरून रानात न्यायचे. खतच की ते. पीक काळंभोर यायचं.”

“किती लांब न्यायचे, आबा?”

“लांब कशाला? शेजारच्या रानाला. दोन कोसावर कोण नेतंय? बैलं मरायची का!”

हा त्यांचा हिशेब मी वहीत टिपून घेतला, तेव्हा त्याचे मोल मला कळले नव्हते. पुढच्या साऱ्या प्रवासात, मोठमोठ्या आकड्यांच्या आणि अवजड यंत्रांच्या सान्निध्यात, तोच हिशेब निरनिराळ्या वेषांत माझ्यापुढे येत राहिला.

एका दगडाची लेकरे

इनामगावची काळी आणि ज्या तांबड्या गाळाच्या शोधात मी पुढे बेळगावला गेलो तो गाळ, ही दोन्ही मुळात एकाच दगडाची लेकरे आहेत, ही गोष्ट नकाशावर बोट फिरविल्याखेरीज ध्यानात येत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याचा काळा पाषाण सह्याद्रीच्या माथ्यापासून देशावरच्या माळापर्यंत सर्वत्र आहे. फरक पडतो तो पावसाने. शिरूर-दौंडकडे पाऊस बेताचा. दगड झिजून त्याची चिकट काळी माती होते, आणि दगडातला चुना पुरता वाहून न जाता मातीतच चुनखडीचे खडे होऊन बसतो. इनामगावच्या प्राचीन भट्टीवाल्याला कच्चा माल पुरवला तो या अपुऱ्या पावसाने. उलट राधानगरी-चंदगडच्या सड्यांवर धो धो कोसळणारा पाऊस लक्षावधी वर्षे दगडाला धूत राहिला. त्याने चुना नेला, सोडा नेला, बरीचशी वाळूही नेली, आणि मागे ठेवली ती लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची भस्मे. लोखंड अधिक असले तर त्याला आपण जांभा म्हणतो व त्याचे चिरे काढून घरे बांधतो. अ‍ॅल्युमिनियम अधिक असले तर तेच बॉक्साइट. म्हणजे बॉक्साइट हीदेखील एका परीने निसर्गाने धुऊन उरवलेली गाळसाळच होय. कारखान्यात जे घडते ते त्याच धुण्याचे पुढचे पाणी.

कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडीसारख्या खाणींतून निघालेले हे दगड वर्षानुवर्षे मालमोटारींतून बेळगावला जात राहिले. तेथील कारखाना इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने १९६९च्या सुमारास सुरू केला आणि पुढे तो हिंडाल्कोकडे आला. सीमाभागातील मराठी घरांत एखादा काका अथवा मामा ‘इंडाल’मध्ये होता, असे सांगणारे अजूनही भेटतात. आज तेथे धातू होत नाही. होते ती अ‍ॅल्युमिनाची पांढरीशुभ्र भुकटी, जी चिनी मातीच्या वस्तूंपासून भट्टीच्या विटांपर्यंत आणि पाणी निवळणाऱ्या तुरटीपर्यंत अनेक ठिकाणी खपते.

हळदीची परीक्षा

बेळगावात माझी गाठ एका निवृत्त रसायनज्ञांशी पडली. सारी हयात अ‍ॅल्युमिनाच्या धंद्यात गेलेल्या या गृहस्थांनी आपल्या दिवाणखान्यात, जेथे इतर लोक गणपती ठेवतात त्या कोनाड्यात, तांबड्या गाळाची एक बाटली ठेवलेली आहे. गाळ तळाशी बसलेला, वर निर्मळ पाणी. “पाणी कसं दिसतंय?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “पिण्याजोगे.” त्यावर ते हसले आणि आत वळून म्हणाले, “अहो, जरा चिमूटभर हळद आणा की.” वहिनींनी हळदीचा डबाच आणून ठेवला. पाण्यात हळद पडताच ती कुंकवासारखी लालभडक झाली.

हळकुंडांना चुना-पापडखाराचा संस्कार करून कुंकू करणाऱ्या घराण्यांना ज्याचे नवल वाटणार नाही, ती ही परीक्षा. पण या तांबड्या गाळाचे, म्हणजे रेड मडचे, सारे दुखणे तिच्यात सामावलेले आहे. तो लाल रंग लोखंडाचा, आणि तो निरुपद्रवी. दुखणे आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या खारात.

तो खार येतो कोठून? कार्ल योझेफ बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने १८८७-८८च्या सुमारास रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे, जी कृती शोधून काढली तीच सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही जगभर चालू आहे. कापड रंगविताना रंग पक्का बसावा म्हणून आपले रंगारी ज्या तुरटीचा हात देत असत, तिच्याच जातीचे अ‍ॅल्युमिना रंगाऱ्यांना पुरवावे, एवढाच बायरसाहेबांच्या उद्योगाचा मूळ हेतू होता. विजेच्या साहाय्याने या भुकटीपासून धातू करण्याची युक्ती १८८६ मध्ये फ्रान्स व अमेरिका येथे दोघांना स्वतंत्रपणे सुचली, आणि मग या दोन कृतींची जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. कृती ऐकायला सोपी आहे. दगडाची पूड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावात घालून दाबाच्या बंद पात्रांत शिजवायची. अ‍ॅल्युमिनियमचा अंश विरघळतो, लोखंड विरघळत नाही. साऱ्याला विशाल टाक्यांत निवळू द्यायचे. वरची निवळ काढून थंड करायची, तिच्यात जुन्या हायड्रेटचे, म्हणजे पाणी धरलेल्या अ‍ॅल्युमिनाचे, बी पेरायचे, म्हणजे दह्याच्या विरजणाने दूध जमावे तसे नवे हायड्रेट जमू लागते. ते भट्टीत भाजले की अ‍ॅल्युमिना. तळचा तांबडा गाळ पुन्हापुन्हा धुऊन त्यातला सोडा जमेल तितका परत मिळवायचा. जमेल तितका, कारण थोडा सोडा वाळूच्या अंशाशी संगनमत करून असा काही घट्ट बसतो, की कितीही धुतले तरी तो सुटत नाही, आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू पाझरत राहतो.

एक टन अ‍ॅल्युमिनामागे टन-दीड टन गाळ, आणि दोन टन अ‍ॅल्युमिनापासून एक टन धातू, हा ढोबळ हिशेब मनात धरला म्हणजे आपल्या घरातल्या पातेल्याच्या मागे केवढे तांबडे गाठोडे बांधलेले आहे याची कल्पना येते. जगात दर साली पंधरा कोटी टनांहून अधिक गाळ निघतो आणि त्यातला शेकडा पाचही कोणाच्या उपयोगी पडत नाही. बाकीचा साठतो. पूर्वी तो पातळच बांधाआड सोडून देत. हंगेरीत ४ ऑक्टोबर २०१० रोजी अयका येथील असा एक बांध फुटला, कोलोंतार व देवेचेर ही गावे तांबड्या लोंढ्याखाली गेली आणि १० माणसे दगावली. कित्येकांना खाराने भाजले. आपल्याकडे झारखंडातील मुरी येथे एप्रिल २०१९ मध्ये साठ्याचा डोंगर घसरला. तेव्हापासून गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून, पाणी पिळून काढून, पेंडीसारखा कोरडा करून रचण्याकडे कल वाढला. ‘कोरडा’ हा शब्दही येथे सापेक्षच; पिळून काढल्यावरही त्यात शेकडा पंचवीसच्या घरात ओल असते.

भट्टीची भूक

राष्ट्रीय महामार्गावरील एका चहाच्या टपरीवर भेटलेल्या मालमोटारवाल्याने या ओलीचे शास्त्र मला चार वाक्यांत समजावले. “उन्हाळ्यात माल वाळूसारखा सुटतो. पावसाळ्यात फाळक्याला असा धरतो, की हौदा उभा केला तरी खाली पडेना. मग फावडं घेऊन आत उतरायचं.” त्याच्या गाडीची चाके, दारे आणि त्याच्या स्वतःच्या वहाणाही तांबड्या झालेल्या होत्या. माल कोठे जातो, असे विचारता त्याने पूर्वेकडे हात केला आणि म्हणाला, “सिमेंटला.”

सिमेंटच्या भट्टीला मुख्य अन्न चुनखडीचे. पण नुसत्या चुनखडीने क्लिंकर, म्हणजे दळल्यावर ज्याचे सिमेंट होते तो भाजका खडा, तयार होत नाही. तिला वाळूचा अंश लागतो, अ‍ॅल्युमिनाचा लागतो, आणि आच थोडी कमी ठेवून मिश्रण वितळावे यासाठी लोखंडाचाही लागतो. हे लोखंड व अ‍ॅल्युमिना पुरविण्यासाठी सिमेंटवाले आजवर जांभा खणून आणीत असत. रेड मडमध्ये दोन्ही आयती असतात, आणि तीही पिठासारखी दळलेली. तेव्हा जांभ्याच्या जागी गाळ घातला तर एका बाजूचा डोंगर खणायचा वाचतो आणि दुसऱ्या बाजूचा डोंगर रचायचा वाचतो, ही गोष्ट कोणाही शहाण्या माणसाला पटेल. २०२० साली हिंडाल्कोने अल्ट्राटेक सिमेंटशी जो करार केला, त्यानुसार सात राज्यांतील १४ सिमेंट कारखान्यांना वर्षाला १२ लाख टन गाळ देण्याचे ठरले. भारतात सालाला नव्वद लाख टनांच्या आसपास गाळ निघतो हे लक्षात घेता हा आकडा क्षुल्लक म्हणता येणार नाही. दोन्ही कंपन्या एकाच उद्योगघराण्याच्या आहेत, हेही येथे नमूद करायला हवे. चुलत्याच्या शेतातला कडबा पुतण्याच्या गोठ्यात जायला मध्यस्थ लागत नाही.

तरीही भट्टीच्या भुकेला मर्यादा आहे. सोडा फार झाला तर भट्टीच्या नळकांड्यांत तो थरांनी चिकटून बसतो, आणि पुढे काँक्रीटमधल्या काही जातींच्या खडीशी त्याचे वैर जुंपून बांधकामाला तडे जातात. म्हणून मिश्रणात गाळाचे प्रमाण शेकडा दोन-चार, एवढेच. लेण्याइतका मोठा कारखाना आणि मीठ घालावे तेवढा गाळ, असा हा मामला आहे. शिवाय ओल. शेकडा पंचवीस ओल असलेला माल चारशे कोस नेणे म्हणजे प्रत्येक चौथ्या गाडीत पाणी वाहून नेणे होय. बेळगावचे भाग्य इतकेच, की त्याच्या पूर्वेस बागलकोट-कलबुर्गीच्या पट्ट्यात चुनखडीचे थर आहेत आणि त्यांवर सिमेंटचे कारखाने वसलेले आहेत. ओडिशाच्या डोंगरात बसलेल्या कारखान्याला तोच गाळ, तीच शुद्धता, तोच रंग असूनही गिऱ्हाईक शोधावे लागते. इनामगावच्या आबांच्या बैलांची मला येथे आठवण झाली.

प्रयोगशाळांतील वैभव

रेड मडपासून काय काय होऊ शकते याची यादी मोठी मनोवेधक आहे, आणि मी ती पाठ करून बसलो होतो. १९७०च्या दशकात तैवानात हा गाळ प्लास्टिकमध्ये कालवून त्याच्या गोबरगॅससाठी मोठ्या पिशव्या केल्या गेल्या. गाळामुळे प्लास्टिक उन्हाला अधिक टिकते. भोपाळच्या ‘अ‍ॅम्प्री’ या राष्ट्रीय प्रयोगशाळेने क्ष-किरण अडवणाऱ्या फरशा केल्या, ज्यांत शिसे मुळीच नाही. रुग्णालयांच्या भिंतींना विषारी शिशाचा पत्रा मारण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. नागपूरजवळ वाडी येथे, अ‍ॅल्युमिनियमच्या संशोधनाला वाहिलेले जवाहरलाल नेहरू केंद्र १९८९ पासून उभे आहे. गाळातील लोखंड, टायटॅनियम, आणि स्कँडियमसारखी अतिविरळ मूलद्रव्ये वेगळी काढण्याच्या खटपटीत त्याचाही वाटा आहे. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४च्या आरंभी हायड्रोजनच्या प्लाझ्माने या गाळातून थेट लोखंड वितळवून दाखविले.

हे सर्व खरे आहे, आणि तरीही डोंगर कमी होत नाही. याचे कारण शास्त्रज्ञांचे अज्ञान नव्हे. क्ष-किरणाच्या फरशा साऱ्या देशातल्या रुग्णालयांना लावल्या तरी एका कारखान्याचा काही दिवसांचा गाळ संपेल. स्कँडियम काढायचे म्हटले तर टनामागे काही ग्रॅम हाती लागते, आणि बाकीचा टन आम्लाने भिजून तसाच उरतो, किंबहुना पूर्वीपेक्षा वाईट होतो. लोखंड काढावे, तर बेळगावच्या एका अंगाला गोवा आणि दुसऱ्या अंगाला बळ्ळारी. दारात खवा असताना खरवड कोण उकळणार? मौल्यवान वस्तू थोडी निघते आणि थोडी खपते. डोंगर हलवायचा तर वस्तू स्वस्त, जड आणि अगणित खपणारी हवी. ती म्हणजे सिमेंट, वीट, रस्त्याचा भराव. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेबाबत सरकारने १९९९ साली अधिसूचना काढली, आसपासच्या वीटभट्ट्यांना व बांधकामांना ती वापरणे भाग पाडले, तेव्हा कोठे राख हलू लागली. जे रसायनाने झाले नाही ते काही अंशी कायद्याने झाले, आणि बाकीचे गाडीभाड्याने.

निवृत्त रसायनज्ञांना मी हे बोलून दाखविले, तेव्हा त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. “मी चाळीस वर्षं याच्यातून काय काढता येईल हा विचार केला,” ते म्हणाले. “याच्यात काय घालता येईल हा विचार करायला हवा होता, बघा.” ते काय म्हणत होते ते मला कळण्यास पुन्हा घोडेकाठी यावे लागले.

चोपण

घोड धरणाचे पाणी कालव्यांनी आले, ऊस आला, आणि त्याच्या पाठोपाठ काही रानांत आली चोपण. पाणी अखंड मिळते, निचरा होत नाही, खालचा खार वर चढतो. सोडियम काळीच्या कणांना चिकटला की माती ओली असता साबणासारखी गुळगुळीत आणि वाळली की दगडासारखी होते. पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. बी टाकले तर उगवते, न उगवते. शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात चोपण म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.

तिच्यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: शेणखतात अथवा साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्ये, म्हणजे मळीत, जिप्सम मिसळून वरच्या थरात घालायचे, चर काढायचे, पाणी बांधून ठेवायचे आणि मग सोडून द्यायचे, आणि धैंचा किंवा ताग पेरून गाडायचा. जिप्सममधला चुना सोडियमला कणावरून उठवतो व त्याची जागा आपण घेतो. उठलेला सोडियम पाण्याबरोबर चरात जातो. आता यातली मौज अशी, की बाजारात पोत्यांनी मिळणारे बरेचसे जिप्सम खाणीतले नसतेच. स्फुरदयुक्त खतासाठी फॉस्फेटचा दगड गंधकाम्लात विरघळवताना एक टन स्फुरदामागे चार-पाच टन जिप्सम मागे उरते. तेही गाळच, त्याचेही पारादीपसारख्या ठिकाणी डोंगर आहेत, आणि त्याच्यातही फ्लोराइडचा व किंचित किरणोत्साराचा अंश असल्याने ते कोठे व किती वापरावे याचे नियम आहेत.

आणि याहून मौजेची गोष्ट बेळगावच्या बाटलीशी जोडलेली आहे. जगात जेथे जेथे तांबड्या गाळाच्या जुन्या डोंगरांवर गवत उगवून दाखविले गेले, तेथे उपाय बहुतेक हाच होता: जिप्सम आणि भरपूर सेंद्रिय खत. चुन्याने खार मोडला, कुजलेल्या खताने कण सुटे केले, पावसाने सोडियम धुऊन नेला, आणि काही वर्षांत मुळांना शिरायला वाट झाली. रेड मडचा डोंगर म्हणजे चोपणीचे अतिशय आजारी रान, एवढेच. रसायनज्ञ ‘काय घालता येईल’ म्हणत होते ते हे. एका शुद्धीचा गाळ दुसऱ्या शुद्धीच्या गाळावर औषध, आणि अनुपान साखर कारखान्याच्या मळीचे!

मी पुन्हा गेलो त्या दिवशी आबांच्या नातवाने दीड एकराच्या चोपणीसाठी जिप्समची पोती आणून बांधावर रचली होती. मी आबांना बेळगावची सारी हकीकत सांगितली: गाळाचा डोंगर, हळदीचे कुंकू, सिमेंटच्या भट्ट्या, बारा लाख टन. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मध्ये एकदा फक्त, गाळात खार किती, एवढे विचारले. शेवटी पोत्यावर थाप मारून ते म्हणाले, “हे कुठनं आलं म्हणता?”

“समुद्रकाठच्या खताच्या कारखान्यातून आले असावे.”

“एवढ्या लांबनं?” ते जरा वेळ गप्प बसले. “मग भाडं कुणी भरलं?”

नातवाने पावती खिशातून काढून त्यांच्या हाती दिली. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली, आणि मी भाड्याचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला.